नागपूरच्या शिलावर्तुळांवर स्वयंसेवक म्हणून काम करायचं आहे? आधी हे वाचा

काटोल रोडने शहराबाहेर पडलं की थोड्याच अंतरावर जुनापाणीचं माळरान लागतं. तिथे मोठाल्या काळ्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतली काही उघडून पाहिली आणि १८७९ मध्ये त्याचा वृत्तांत छापून आला. पुढे शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड या ठिकाणी पद्धतशीर उत्खननं झाली. माहुरझरीला माणसांच्या सांगाड्यांसोबत घोड्यांचे अवशेष आणि घोड्यांना घालायचे तांब्याचे अलंकार मिळाले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. ही सगळी वर्तुळं ढोबळमानाने इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकातली, लोहयुगातल्या लोकांची दफनं.

हे वाचून अनेकांना वाटतं की आपणही हातात करणी घ्यावी आणि खणायला बसावं. उत्साह चांगलाच आहे, पण नागपूर जिल्ह्यात आज स्वयंसेवकांची खरी गरज खणायला नाही. गरज आहे ती जमिनीवर अजून उभ्या असलेल्या वर्तुळांची नोंद करायला. मुरूम काढणं, गिट्टी खदानी, प्लॉटचे ले-आउट, रस्ते आणि जेसीबीने वावर सपाट करणं यांत वर्तुळं जातात, आणि गेलेल्या वर्तुळाचा कागदही मागे राहत नाही. स्वयंसेवकाचं काम चांगलं झालं की नाही हे ठरवायचा निकष एकच: तुमची नोंद वाचून, जागेवर न जाता, एखाद्या अभ्यासकाला ते वर्तुळ कागदावर पुन्हा मांडता आलं पाहिजे. बिनपगारी काम आहे म्हणून यात सवलत नाही.

आधी कायदा, मग बूट

शेतमालकाने ‘खणा की’ म्हटलं म्हणजे उत्खननाची परवानगी मिळाली असं होत नाही. पुरातत्त्वीय उत्खनन १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे अधिनियमाखाली येतं. संरक्षित क्षेत्रात परवाना लागतो, आणि संरक्षित नसलेल्या जागीही राज्य सरकारला केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय उत्खनन करता किंवा करवून घेता येत नाही. परवाना संस्थेला आणि तिच्या उत्खनन-संचालकाला मिळतो, हौशी गटाला नाही. ‘थोडंसंच उकरून पाहू’ हेही उत्खननच.

जुनापाणीसह जिल्ह्यातली बरीच शिलावर्तुळं केंद्र संरक्षित आहेत. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. स्मारकाला इजा करणं, दगड हलवणं, त्यावर नाव कोरणं याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संरक्षित जागी तिवई लावून फोटो काढायचे, मापं घ्यायची किंवा ड्रोन उडवायचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडून आधी लेखी परवानगी घ्या. नागपुरात विमानतळ आणि संरक्षण दलाच्या जागा असल्यामुळे ड्रोनसाठी हवाई क्षेत्राची मंजुरी वेगळी लागते. नवख्या गटाने पहिल्या वर्षी ड्रोनच्या फंदात पडूच नये. टेपने केलेलं मोजमाप शिकल्याशिवाय ड्रोनच्या चित्रात काय बघायचं तेच कळत नाही.

आणखी दोन कायदे माहीत असू द्या. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे साधारण १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. म्हणजे वावरात सापडलेला मणी घरच्या शोकेसमध्ये ठेवणं हा छंद राहत नाही.

कोणासोबत काम करायचं

एकट्याने किंवा मित्रांच्या टोळक्याने सुरुवात करू नका. नागपुरात या विषयातली माणसं भरपूर आहेत, हे या शहराचं भाग्य. विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे, सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय आहे, त्यांच्या उत्खनन आणि प्रागितिहास शाखा आहेत, राज्य पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे. आणि ज्याला सगळे अजब बंगला म्हणतात ते १८६३ पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय आहे. कामाला हात लावण्याआधी संग्रहालयातली खापरं आणि मणी नीट बघून या. काळी-तांबडी खापरं कशी दिसतात हे फोटोवरून कळत नाही. आतून आणि काठाजवळ काळं, बाहेर खाली तांबडं, असा तो रंगाचा खेळ डोळ्यांनी एकदा पाहिला की वावरात चुकत नाही. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह आणि १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन. ओळखी करून घ्यायला हे दिवस सोयीचे.

ज्या प्रकल्पात जाल त्याच्या प्रमुखाकडून चार गोष्टी कागदावर मागा. परवानगी कोणाच्या नावाने आणि कुठल्या मुदतीची आहे. रोज कामावर देखरेख कोण करणार. अपघात झाला तर विमा आणि जबाबदारी कोणाची. तुमच्या नोंदी आणि फोटो वापरले तर श्रेय कसं दिलं जाणार. हे विचारलं म्हणून चांगला संचालक रागावत नाही. जो रागावतो त्याच्या खड्ड्यात न उतरलेलं बरं. एका प्रशिक्षित माणसाच्या हाताखाली सहापेक्षा जास्त नवखे नकोत, त्यापुढे कोण काय करतंय यावर लक्ष राहत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती हवी आणि त्यांना खड्ड्यात उतरवू नये.

एक मुद्दा सहसा बोलला जात नाही. उत्खननावर आसपासच्या गावांतले मजूर रोजीवर येतात आणि त्यांतल्या जुन्या हातांना मातीचा पोत बदललेला कुदळीच्या आवाजावरून कळतो. स्वयंसेवक आले म्हणून त्यांची रोजी कमी होता कामा नये. तुम्ही त्यांच्या जागी नाही, त्यांच्या सोबत आहात. उलट पहिला आठवडा त्यांच्याकडून शिका आणि नोंदीत त्यांचीही नावं येतील हे बघा.

घरी बसून करायचं काम

पाहणीचा अर्धा भाग टेबलावर होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. नागपूर शहर जुन्या क्रमांकाप्रमाणे ५५ ओ/४ या पत्रकात येतं. त्यावर नाले, उंचवटे, जुने पाणंद रस्ते ओळखा. वर्तुळं बहुधा नाल्याजवळच्या, पिकाला फारशी उपयोगी नसलेल्या मुरमाड उंच जागेवर असतात. काळ्या कसदार जमिनीतली वर्तुळं नांगराने कधीच गेली असावीत, त्यामुळे नकाशावर दिसणारा हा नमुना काही प्रमाणात नाशाचाही नमुना आहे, हे डोक्यात ठेवा.

महसुली कागदांत दोन गोष्टी शोधा. पहिली, मौज्याच्या नावापुढे लागलेला ‘रिठी’ हा शब्द. ओसाड पडलेल्या गावाची ती खूण. दुसरी, गाव नकाशावरची पांढरीची जागा. जुनी वस्ती राख, शेण, मातीच्या भिंती यांनी बनते म्हणून ती माती करडी-पांढरट दिसते. सातबारा आणि खसरा क्रमांक (महसुली नकाशावरचा शेताचा क्रमांक) पटवाऱ्याकडून पडताळून घ्या. तुमच्या नोंदीत अक्षांश-रेखांश असले तरी दहा वर्षांनी जागा शोधणाऱ्याला खसरा क्रमांकच कामी येतो.

मोबाइलवरचं जीपीएस चालतं, फक्त सेटिंग बघा. डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसची नेहमीची निर्देशांक-पद्धत), अंश दशांशात, पाच दशांश स्थळांपर्यंत. पाचव्या स्थळाचा फरक जमिनीवर साधारण एक मीटर, चौथ्याचा ११ मीटर. मोबाइलची स्वतःची चूक मोकळ्या माळावरही ३ ते १० मीटर असते, म्हणून एका जागी दोन मिनिटं थांबून आकडा स्थिरावला की मगच लिहा आणि स्क्रीनवरची अचूकताही सोबत टिपा. मीटरमधल्या निर्देशांकांत काम करत असाल तर यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगणारी पद्धत) वापरतात आणि नागपूर जिल्हा तिच्या ४४ उत्तर पट्ट्यात येतो. पुण्याच्या कोणाकडून तयार फाइल घेतली आणि पट्टा ४३ राहिला, तर तुमची वर्तुळं शेकडो किलोमीटर सरकलेली दिसतील.

सामान

३० मीटरची फायबर टेप दोन, ५ मीटरची स्टीलची एक, होकायंत्र, सुतळी, ओळंबा, फोटोत माप कळावं म्हणून १ मीटरची आणि १० सेंटिमीटरची फोटोपट्टी, छोटा फळा, उत्तर दिशेचा बाण, ए-४ आलेख कागद, क्लिपबोर्ड, एचबी पेन्सिल, कागदी चिठ्ठ्या. पेन नको, घामाने आणि दवाने शाई पसरते. खडू फक्त फळ्यावर लिहायला, दगडांवर मुळीच नको. माणशी ४ लिटर पाणी, ओआरएस, टोपी, घोट्यापर्यंतचे बूट. दगडांच्या फटीत विंचू आणि गवतात घोणस असते, म्हणून काठीने आधी ठोकून मग पाय ठेवायचा आणि दगडाखाली हात घालायचा नाही. तिघांपेक्षा कमी लोकांनी जाऊ नका, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आधीच बघून ठेवा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सोयाबीन निघालेलं असतं, जमीन उघडी असते. उन्हाळवाहीनंतर वावर आणखी छान दिसतं पण मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा काम सकाळी साडेदहाला बंद. पहिल्या पावसानंतरचे दोन-चार दिवस खापरं धुऊन वर येतात, पण काळ्या मातीत चालणं अशक्य होतं.

वावरात पाऊल टाकताना

आधी मालकाला किंवा वावर बटईने करणाऱ्याला भेटा. काय करणार, काय नाही, हे सरळ सांगा: मोजणार, फोटो काढणार, काही उचलणार नाही, खणणार नाही. ‘सरकार जमीन घेईल’ ही भीती जवळपास प्रत्येक ठिकाणी असते. तिला उडवून लावू नका आणि खोटा धीरही देऊ नका. जागा संरक्षित असेल तर कोणती बंधनं आहेत ते माहीत असेल तेवढंच सांगा, बाकीसाठी कार्यालयाचा पत्ता द्या. पोलीस पाटलालाही सांगून ठेवा. गुप्तधनाच्या नादाने रात्री खणणारे लोक विदर्भात आहेत, त्यामुळे टेप घेऊन फिरणाऱ्या अनोळखी लोकांकडे गाव संशयाने बघतं आणि त्याचं बरोबरच असतं. मेटल डिटेक्टर तर गाडीतही ठेवू नका.

पाहणीसाठी रांगेत १० मीटर अंतर ठेवून चाला, वस्तीची खूण वाटली तर ५ मीटर. प्रत्येकाने आपल्या दोन्ही बाजूंचे एक-एक मीटर बघायचे, गप्पा नाहीत. प्रत्येक ५० मीटरला थांबून खापरांची संख्या लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा. रिकामी जागा म्हणजे ‘तिथे काही नव्हतं’ की ‘तिथे कोणी गेलंच नाही’, हे नंतर कळत नाही. पीक, तण, नांगरट, उन्हाची दिशा हेही लिहा, कारण जमीन किती दिसत होती त्यावर खापरांची संख्या ठरते.

फसवणाऱ्या गोष्टी

नवखे इथेच जास्त अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

वावरातली दोन-चार खापरं म्हणजे वस्ती नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्याचं खत वावरात पडत आलंय आणि त्यासोबत फुटकी मडकीही. गाळयुक्त शिवारच्या कामांत तलावातला गाळ ट्रॉल्यांनी वावरात येतो, त्यातूनही खापरं येतात, तीही भलत्याच जागची. पांढरीची माती लोक घर सारवायला नेतात, तिच्यासोबतही खापरं जागा बदलतात. म्हणून मालकाला नेमकं विचारा: गाळ टाकला होता का, कुठून, कोणत्या साली. वस्ती असेल तर खापरं दाट असतात, तुकडे मोठे आणि कडा धारदार असतात. खतातून आलेले तुकडे विरळ, लहान आणि झिजलेले. शिवाय काळी माती उन्हाळ्यात खोल भेगाळते आणि पावसात फुगते, वरची वस्तू भेगेतून खाली जाते. त्यामुळे अशा मातीत ‘खोल सापडलं म्हणजे जुनं’ हा हिशेब चालत नाही.

लोखंडाची मळी आणि जाळीदार काळा दगड दिसायला सारखेच. दख्खनच्या काळ्या पाषाणातही बुडबुड्यांची भोकं असतात. फरक असा: दगडाच्या भोकांत बरेचदा पांढरे स्फटिक भरलेले असतात, मळीत नसतात. मळीच्या एका अंगाला मेणासारखे ओघळ दिसतात, ती आकाराच्या मानाने जड लागते आणि तुटलेल्या कडेला काचेसारखी चमक असते. यात तिसरा तोतया म्हणजे कोळशाची राखगोटी. रेल्वेमार्गाजवळ, वीटभट्ट्यांजवळ आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या बाजूला ती भरपूर मिळते. ती हलकी असते, हातात घेताच कळते.

गारगोटीच्या छिलक्यांचंही तसंच. दगडी हत्याराच्या छिलक्यावर आघाताची जागा आणि तिच्याखाली फुगीर उंचवटा असतो. गिट्टी क्रशरजवळ यंत्राने उडालेल्या छिलक्यांवरही असा उंचवटा सापडतो, म्हणून रस्त्यापासून २०-३० मीटरच्या पट्ट्यात मिळालेल्या छिलक्यांवर भिस्त ठेवू नका.

आणि खुद्द वर्तुळं. जुन्या खळ्याचे दगडही गोल रचलेले असतात, पण ते लहान, उचलता येण्याजोगे, आतली जमीन सपाट आणि मधे मेढीची जागा. शेतकऱ्याने वेचून धुऱ्यावर टाकलेल्या दगडांचा ढीग तर नेहमीचाच. दफनवर्तुळाचे दगड मोठे, निम्मे मातीत रुतलेले असतात, उघड्या अंगावर दगडफूल चढलेलं असतं आणि आतला भाग भरावामुळे मधे किंचित उंच असतो. पंचाईत अशी की वेचलेले दगड लोक आयत्या वर्तुळातच टाकतात. तेव्हा वरचा ढीग आणि खालचं वर्तुळ वेगवेगळं लिहा.

एका वर्तुळाची नोंद

तिघांना दीड ते दोन तास लागतात. घाई केली की पुन्हा यावं लागतं.

१. आधी भोवती एक फेरी मारा, काही हलवू नका, गवतही उपटू नका. वर्तुळाला क्रमांक द्या: मौज्याचं संक्षिप्त नाव, खसरा, मग १, २, ३.

२. उत्तरेकडून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याप्रमाणे दगड मोजा. प्रत्येकाजवळ क्रमांकाची कागदी चिठ्ठी खड्याखाली दाबून ठेवा. दगडावर खडू, रंग, मार्कर काही लावायचं नाही.

३. वर्तुळाच्या बाहेर, एका बाजूला, बरोबर १० मीटर अंतरावर अ आणि ब असे दोन बिंदू ठरवा. आत खुंटी ठोकायची नाही, भराव तिथूनच सुरू होतो. बाहेरही खुंटीऐवजी वाळूची पिशवी ठेवली तर उत्तम. अ-ब रेषेची दिशा होकायंत्राने लिहा. होकायंत्र दगडापासून, टेपच्या स्टीलपासून आणि मोटरसायकलपासून दूर धरा, काळ्या पाषाणातही सुई फिरवण्याइतकं चुंबकत्व असू शकतं.

४. प्रत्येक दगडाच्या मध्यापर्यंत अ पासून आणि ब पासून अंतर मोजा. दोन टेपांमधला कोन फार चिंचोळा किंवा फार पसरट झाला, म्हणजे ३० अंशांहून कमी किंवा १५० हून जास्त, तर बिंदू बदला, नाहीतर छोटी चूक कागदावर मोठी होते. टेप आडवी, ताठ धरा. उतारावर ती जमिनीला टेकवली तर १० अंशांच्या उतारावर १० मीटरमागे १५ सेंटिमीटर जास्त भरतात. उताराला ओळंबा वापरा.

५. मोजणारा मोठ्याने सांगतो, ‘सहा मीटर बेचाळीस’, लिहिणारा तेच उच्चारून मग लिहितो. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मीटरचा आकडा एकाने चुकणं. दुसरी, टेपचा शून्य कडीपाशी आहे की पट्टीवर, हे न बघणं.

६. प्रत्येक दगडाची लांबी, रुंदी, जमिनीवरची उंची. वर्तुळाचा उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम व्यास, दगडांच्या आतल्या कडेने आणि बाहेरच्या कडेने, असे चार आकडे. मधल्या भरावाची उंची.

७. जागेवरच १:१०० ला आलेख काढा. १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर, त्यामुळे १५ मीटरचं वर्तुळही ए-४ वर बसतं. काढून झाल्यावर कोणत्याही दोन दगडांतलं अंतर टेपने मोजा आणि कागदावर पडताळा. जमिनीच्या मापात ५ सेंटिमीटरहून जास्त फरक आला, तर चूक तुमच्या आकड्यांत आहे. तो तिथेच शोधा, घरी गेल्यावर सापडत नाही.

८. अवस्था लिहा: नसलेले दगड, त्यांच्या रिकाम्या खाचा, जेसीबीच्या दातांचे ओरखडे, मधला खड्डा ताजा की जुना, झाडांची मुळं, नांगराची शेवटची रेघ किती मीटरवर, मुरमाची खाण किती मीटरवर. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात येऊन हाच भाग पुन्हा भरायचा. जागेची झीज किती वेगाने होतेय याचा पुरावा यातूनच उभा राहतो, आणि कार्यालयात अर्ज करताना तोच कामी येतो.

जुनापाणीसारख्या ठिकाणी काही दगडांवर वाटीसारखे खळगे रांगेने कोरलेले आहेत. ते दुपारी दिसत नाहीत. सकाळी आठच्या आधी किंवा मावळतीच्या तिरप्या उन्हात दिसतात. दुपारी जावंच लागलं तर दगडावर सावली धरून बाजूने टॉर्च मारा. प्रत्येक खळग्याचा व्यास आणि खोली, दोन खळग्यांमधलं अंतर, रांगेची दिशा. चित्र १:१० ला. खळगे उठून दिसावेत म्हणून खडू, शेंदूर, तेल, पाणी काही लावू नका. लावलेलं पुसताना झिजतं ते दगडाचं अंग.

फोटो चारही दिशांनी, पट्टीसह एक आणि पट्टीशिवाय एक. पट्टी दगडाला टेकवायची नाही, शेजारी उभी करायची. फळ्यावर क्रमांक, दिशा, तारीख. फोटोची वही वेगळी ठेवा, मोबाइलच्या गॅलरीवर विसंबू नका. दगडावर बसलेली माणसं फोटोत नकोत.

काही वर दिसलं तर

मणी, नाणं, बाण, हाड, काहीही. हात लावू नका. जागच्या जागी दोन फोटो, अक्षांश-रेखांश, खसरा, जवळच्या दोन पक्क्या खुणांपासून अंतर. मग प्रकल्पप्रमुखाला, आणि प्रमुख नसेल तर राज्य पुरातत्त्व कार्यालयाला किंवा तहसीलदाराला कळवा. वस्तू वाहून किंवा चोरीला जाईल अशी खरोखर भीती असेल तरी आधी फोन करा, ते सांगतील तसं करा. जेसीबी चालू असताना हाडं किंवा मडकी दिसली तर चालकाशी भांडू नका, फोटो-व्हिडिओ काढा आणि तलाठी, तहसीलदार, पोलीस ठाणे या तिघांना त्याच दिवशी लेखी द्या. अर्जाची पोच घ्या. माणसाची हाडं असतील तर गर्दी जमू देऊ नका, फोटो गटांवर टाकू नका. ते कोणाचं तरी दफन आहे.

परवाना असलेल्या उत्खननावर

इथे नियम संचालकाचे, पण काही गोष्टी सगळीकडे सारख्या. वर्तुळ बरेचदा चार चतुर्थांशांत विभागून खणतात, मधे आडवी-उभी मातीची भिंत राखतात. त्या भिंतीवर थरांचा लेखाजोखा असतो, तिच्यावर बसणं किंवा डबा ठेवणं बंद. खड्ड्याच्या काठापासून एक मीटर दूर. करणी टोचायची नाही, आपल्याकडे ओढायची. मातीचा रंग किंवा पोत बदलला की थांबायचं आणि हाक मारायची. थांबल्याने कधीच नुकसान होत नाही. खणून निघालेली माती ५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाते, मण्यांची शक्यता असेल तर २ मिलिमीटरच्या. काळी माती कोरडी चाळली जात नाही, तिचे खडे होतात. ती पाण्यात भिजवून चाळावी लागते.

पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर. स्थळ, वर्ष, खड्डा, थर, तारीख, आद्याक्षरं, पेन्सिलने. चिठ्ठी हरवलेली पिशवी म्हणजे फक्त वजन. ओली खापरं बंद पिशवीत ठेवली तर बुरशी धरते, पिशवीला भोकं पाडा. खापरं मऊ ब्रशने साध्या पाण्यात धुवायची, एका थराची खापरं एका टोपल्यात, पाणी बदलून, सावलीत वाळवून. धुवायचं नाही असं: लोखंड, तांबं, हाडं, रंगकाम असलेली किंवा आत काजळी-अन्न चिकटलेली खापरं, आणि कच्च्या मातीचे ठसे. रामटेकजवळ नगरधनला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या मुद्रेचा मातीवरचा ठसा मिळाला आहे. अंगठ्याएवढा तो मातीचा तुकडा कोणी खापर समजून बादलीत टाकला असता तर काय झालं असतं, हा विचार प्रत्येक टोपलं बुडवण्याआधी करा.

नोंदी कुठे द्यायच्या, काय जाहीर करायचं

फेसबुकवर अचूक जागा टाकू नका. लोकांसाठी लिहाल तेव्हा अक्षांश-रेखांश दोन दशांश स्थळांपर्यंतच द्या, म्हणजे जागा एक किलोमीटरच्या आत गुप्त राहते. फोटोतला जीपीएस टॅग काढून मगच पाठवा. संरक्षित आणि पाटी लागलेल्या स्थळांना हे लागू नाही.

पूर्ण नोंद मात्र घरात ठेवू नका. मूळ आलेख कागद स्कॅन करून, तक्ता साध्या सीएसव्ही फाइलीत (कोणत्याही संगणकावर उघडणारी मजकूर-फाइल), फोटो मूळ आकारात, नोंदवहीची छायाप्रत, असा संच करा. एक राज्य पुरातत्त्व कार्यालयाला, एक विद्यापीठ विभागाला, एक गटाकडे. जागा केंद्र संरक्षित असेल तर मंडळ कार्यालयालाही. सोबतच्या पत्रात कोणी मोजलं, कोणत्या तारखेला, कोणती टेप, जीपीएसची अचूकता किती आणि कुठला भाग मोजायचा राहिला हे लिहा. गावाला मराठीत एक पानाचा नकाशा आणि वर्तुळांची संख्या ग्रामपंचायतीत द्या, तिथे मात्र दगडनिहाय तपशील नको. पत्राची पोच आणि संचाचा क्रमांक पुढच्या वर्षीच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा, म्हणजे दुसऱ्या फेरीला येणाऱ्यांना मागचे आकडे कुठे मागायचे हे कळेल.